जपान : आईबाबांना घेऊन कुठली देवळं करावीत? (तोक्यो, क्योतो, नारा, ९ दिवस)

सांजवात :
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जपानला जायचं नक्की झालंय, तिकिटं काढली, व्हिसा आला, आता माघार नाही. मी, नवरा आणि माझे आईबाबा. आई ६८, गुडघ्यांची तक्रार आहे पण उत्साह दांडगा. बाबा ७२, त्यांना प्रत्येक ठिकाणचं साल आणि राजाचं नाव लागतं, त्याशिवाय पाऊल उचलत नाहीत. आईने एकच अट घातलीय, "उंच इमारती नकोत बाई, त्या रोज खिडकीतून दिसतात, देवळं दाखव." मी चार रात्री जागून व्हिडिओ बघितले आणि यादी केली ती २२ देवळांची झाली :( नवरा म्हणतो ही सहल नाही, अष्टविनायक पावणेतीन वेळा आहे. तोक्यो ४ दिवस, क्योतो ४, त्यातलाच एक नारासाठी. काय ठेवू, काय उडवू? आणि एक बावळट प्रश्न, श्राइन आणि टेंपल वेगळं असतं का हो? मला दोन्ही देऊळच वाटतं.

पायपीट :
२२ मधली १४ डोळे मिटून उडव. नोव्हेंबरच्या शेवटी क्योतोत पावणेपाचला सूर्य मावळतो आणि बहुतेक देवळं साडेचार-पाचला दार लावतात, म्हणजे दिवस हातात किती राहतो बघ. सकाळी नाश्ता करून दहाला बाहेर पडलात की दोन देवळं आणि एक जेवण, संपलं. त्या दिवसांत पानं लाल झालेली असतात त्यामुळे सगळा जपानच क्योतोत येऊन उभा असतो, बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते, आईंना घेऊन बसच्या भानगडीत पडूच नका, मेट्रो आणि टॅक्सी. चौघं आहात तर टॅक्सी परवडते.

रेल्वे पास घेऊ नका हे आधीच सांगतो. ७ दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून एकदम ५०,००० वर नेला. तोक्यो-क्योतो बुलेट ट्रेन एका बाजूला साधारण १४,००० पडते, जाऊन येऊन २८. हिशोब उघड आहे.

निशिकासाईकर :
प्रश्न बावळट नाहीये, इथे बारा वर्षं राहून माझी बायको अजून विचारते. सोपी खूण, बाहेर तोरी (दोन खांब, वर दोन आडवे दांडे, बरेचदा शेंदरी) दिसली की ते जिंजा, म्हणजे शिंतो (जपानचा मूळ धर्म) देवस्थान. नावाच्या शेवटी 'जी' किंवा 'देरा' असेल, सेन्सोजी, कियोमिझुदेरा वगैरे, तर ते बुद्धाचं. १८६८ पर्यंत दोन्ही एकाच आवारात गुण्यागोविंदाने नांदत होती, मेइजी सरकारने कागदोपत्री वाटणी केली, तरी अजून एकाच आवारात दोन्ही सापडतात.

जिंजात दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, परत एकदा वाकायचं. बुद्धाच्या देवळात टाळ्या नाहीत, नुसते हात जोडायचे, आपल्याला तेच जमतं. आत जायच्या आधी पाण्याचा हौद असतो, पळीने आधी डावा हात मग उजवा, मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ. पळीला तोंड लावायचं नाही. हे आईंना शिकवावं लागणार नाही. पेटीत ५ येनचं भोकाचं नाणं टाकतात कारण पाच येनला 'गोएन' म्हणतात आणि गोएन म्हणजे ऋणानुबंधसुद्धा, तशी नाणी आधीपासून जमवून ठेवा.

मोजे भोक नसलेले घाला. हे मी अनुभवावरून सांगतोय, जास्त विचारू नका.

खडूस काका :
स्पष्ट बोलतो, राग मानू नये. मी २०१७ ला एका टूर कंपनीबरोबर गेलो होतो, त्यांनी एका दिवसात सात देवळं उरकली, प्रत्येक ठिकाणी "पंचवीस मिनिटं, बस इथेच". आणि ऐतिहासिक ऐतिहासिक काय म्हणता, जवळपास सगळं नवं आहे! आसाकुसाचं सेन्सोजी म्हणे इसवी सन ६२८ चं, दोन कोळी भावांच्या जाळ्यात कान्नोनची मूर्ती आली ती गोष्ट सांगतात. ठीक आहे, पण आत्ता उभं आहे ते देऊळ १९५८ चं, काँक्रीटचं. तोक्योतलंच मेइजी जिंगूही १९५८. क्योतोचं सोन्याचं किंकाकुजी तर १९५५ चं, म्हणजे माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. आमच्या गावचं भैरोबाचं देऊळ जुनं आहे त्याच्यापेक्षा.

निशिकासाईकर :
काका तुमची सालं बरोबर आहेत पण निकाल चुकलाय. सेन्सोजी आणि मेइजी जिंगू १९४५ च्या बाँबहल्ल्यात जळली, लोकांनी वर्गण्या काढून परत उभी केली. किंकाकुजी १९५० मध्ये तिथल्याच एका तरुण शिकाऊ भिक्षूने पेटवलं. आपल्याकडे जीर्णोद्धार केला की देऊळ नवं झालं असं म्हणतो का आपण? काशी विश्वेश्वराचं आत्ताचं देऊळ अहिल्याबाईंनी १७८० ला बांधलं, म्हणून काशी १७८० ची होते का?

आणि इसेचं मोठं देवस्थान तर ते लोक मुद्दाम दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर नवं बांधतात आणि जुनं उतरवतात. मागचं २०१३ ला झालं, पुढचं २०३३. नवी लाकडं, तेच माप, तेच सांधे, आणि वीस वर्षं अशासाठी की म्हाताऱ्या सुताराच्या डोळ्यांदेखत पोरगा शिकून तयार व्हावा. तिथे जुनं काय असेल तर हात जुना आहे.

पायपीट :
+१. आणि काकांना जुनंच लाकूड हवं असेल तर नाराच्या जवळचं होर्युजी. स्थापना ६०७ ची, मधे एकदा जळून सातव्या शतकाच्या शेवटी परत बांधलं, तेव्हापासून उभंय. जगातली सगळ्यात जुनी लाकडी इमारत. खांब मधे फुगीर आहेत, हात लावून बघावासा वाटतो (लावू नये).

खडूस काका :
होर्युजी दाखवलंच नाही आम्हाला. कार्यक्रमात "वेळ उरल्यास" असं होतं.

घारापुरी :
होर्युजी निघालंच आहे तर राहवत नाही म्हणून लिहिते. तिथल्या मुख्य दालनाच्या भिंतींवर सातव्या-आठव्या शतकातली चित्रं होती, त्यातल्या बोधिसत्त्वाची मान आणि खांदे बघून आपल्या अजिंठ्याच्या पद्मपाणीची आठवण आल्याशिवाय राहत नाही. अराई कान्पो नावाचे एक जपानी चित्रकार शंभर वर्षांपूर्वी अजिंठ्यात येऊन तिथल्या चित्रांच्या नकला करत बसले होते, पुढे तेच होर्युजीच्या भिंतींच्या नकला करायच्या कामावर होते. ते काम चालू असतानाच २६ जानेवारी १९४९ ला दालनाला आग लागली आणि चित्रं करपली. नकलांचं काम चालू असताना मूळचं गेलं, म्हणजे बघा. लगेच पुढच्या वर्षी जपानने सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा केला, आणि अजूनही २६ जानेवारीला देशभर देवळांमध्ये पाण्याच्या नळ्या सोडून आग विझवायची तालीम करतात. आपण त्या दिवशी झेंडावंदन करतो.

आत्ता तिथे दिसतात त्या नकलाच आहेत, मंद उजेडात. तरी जा. नारा स्टेशनवरून बारा मिनिटं ट्रेन.

सांजवात :
हे वाचून बाबा म्हणाले होर्युजी नक्की. आई म्हणते "सगळीकडे बुद्धच आहे का, आपलं काही नाही का?" आता बुद्ध आपलाच की, पण तिला म्हणायचंय ते कळलं मला.

उकडीचा :
आईंना सांगा, आपलं भरपूर आहे, फक्त नावं बदलून राहतायत, परदेशात गेलेल्या पोरांसारखी. बेन्झाइतेन म्हणजे सरस्वती, हातात वीणेऐवजी बिवा. किच्चिजोतेन लक्ष्मी. ताइशाकुतेन इंद्र, बोन्तेन ब्रह्मदेव, एन्मा म्हणजे यम. गरुडाचं नाव कारुरा. तिथे होम होतो त्याला गोमा म्हणतात, तोक्योत फुकागावाला फुदो या देवाच्या देवळात रोज होतो, एवढाले ढोल आणि ज्वाळा, अंगावर काटा येतो. आणि थडग्यांपाशी लाकडी फळ्या उभ्या दिसतील त्यावर वरची अक्षरं नीट बघा, ती जपानी नाहीत, सिद्धम आहेत, संस्कृतची जुनी लिपी.

आता मुख्य. गणपती आहे. कांगितेन म्हणतात, किंवा शोतेन. आसाकुसाला सेन्सोजीहून दहा मिनिटं चालत, नदीकाठी छोट्या टेकडीवर मात्सुचियामा शोदेन नावाचं देऊळ आहे, तिथला देव तो. मूर्ती मात्र दिसणार नाही. ती कायम पडद्याआड, कुणालाच दाखवत नाहीत. दोन हत्तीमुखी देव एकमेकांना मिठी मारलेले असं रूप आहे. आणि नैवेद्य काय माहितीये का? मुळा! पांढराशुभ्र, हाताएवढा दाइकोन. दगडावर, पायऱ्यांवर, दारावर सगळीकडे एकमेकांत गुंतलेले दोन मुळे आणि पैशाची बटवी कोरलेली आहे. मुळा आरोग्य आणि घरातल्या सलोख्याची बाजू सांभाळतो, बटवी पैशाची.

खडूस काका :
गणपतीला मुळा? दूर्वा-मोदक सोडून?

उकडीचा :
मोदकही आहे काका, थांबा. क्योतोला यासाका जिंजाजवळ कामेया कियोनागा नावाचं जुनं मिठाईचं दुकान आहे, तिथे कांकिदान मिळतो. बाहेरून बघाल तर तळणीचा मोदक, वर पाकळ्या आवळलेल्या, आत लाल चवळीसारख्या डाळीचं पुरण, तिळाच्या तेलात तळलेला. हा मुळात कांगितेनचा नैवेद्य. फक्त पुरणात चंदन, दालचिनी असली पूड असते त्यामुळे खाताना देवघरातली उदबत्ती खाल्ल्यासारखं वाटतं. पहिला घास विचित्र, दुसरा बरा, तिसऱ्याला मी आजीच्या घरी होतो.

चिंचपोकळीकर :
वाचनखूण साठवली. वरळी नाक्याला जपानी देऊळ आहे त्याच्यासमोरून आयुष्यभर गेलो, ढोलकं ऐकलं, आत कधी शिरलो नाही काय आहे ते बघायला. निप्पोनझान म्योहोजी. जपान लांब राहिलं, येत्या रविवारी तिथे जातो आधी.

सदाशिवपेठी :
आमच्याकडे सिंहगड रोडला पु. ल. देशपांडे उद्यान आहेच, ओकायामाच्या कोराकुएनवरून बेतलेलं. तिकीट कमी, व्हिसा नको. तुमचं चालू द्या.

सांजवात :
@सदाशिवपेठी, अपेक्षित होतंच हे :)
@उकडीचा, आईला वाचून दाखवलं. गुडघ्यांमुळे टेकडी म्हटल्यावर जरा बिचकली. आणि जेवणाचं? आई शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

निशिकासाईकर :
टेकडी नावालाच आहे हो, शिवाय पार्किंगच्या बाजूने छोटा डबा वर जातो रुळावरून, फुकट. चौघं बसतील.

जेवणाचं कठीण आहे, खोटं सांगत नाही. भाजी, सूप, नूडल्स, सगळ्यात माशाचा अर्क (दाशी) असतो, आणि विचारलं तर "मासा नाही" म्हणतात कारण त्यांच्या लेखी तो मासा नसतो. देवळांमधलं शोजिन र्योरी शुद्ध शाकाहारी असतं पण तिथेही एकदा विचारून घ्यायचं. क्योतोत युदोफू, म्हणजे गरम पाण्यातलं टोफू, बाबांना आवडणार नाही, आईंना आवडेल. थेपले, मेतकूट, लोणच्याची बाटली घ्या. आणि एक दिवस आमच्याकडे वरणभात खायला या, खरंच. तोक्योत निशिकासाईला अर्धी गल्ली आपलीच आहे.

पायपीट :
आता क्योतो मार्गी लावतो. फुशिमी इनारी सकाळी सातला. दार नाही, कुलूप नाही, तिकीट नाही, रात्री बारालाही उघडं. ७११ सालापासूनचं देवस्थान, डोंगरभर दहा हजारांच्या आसपास तोरी. आख्खा फेरा दोन तासांचा आणि पायऱ्याच पायऱ्या, आईंनी फक्त दाट रांगेतून मागच्या ओकुशापर्यंत (आतलं छोटं देऊळ) जावं, तेवढं जमतं. तिथे दोन दगडी दिवे आहेत, इच्छा मनात धरून वरचा दगड उचलायचा, वाटला होता त्यापेक्षा हलका लागला तर काम होणार. एक गंमत बघा, जाताना तोरी कोऱ्या दिसतात, परतताना वळून बघितलं की प्रत्येक खांबावर काळ्या अक्षरात देणगीदाराचं नाव आणि तारीख. म्हणजे आपल्या देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर असतं तसंच, फक्त यांनी ते देवाच्या बाजूला तोंड करून लिहिलंय. इनारी भातशेतीचा देव, पुढे धंद्याचा झाला, म्हणून कंपन्याच कंपन्या.

कियोमिझुदेरा चढावर आहे, टॅक्सी जिथवर जाते तिथून पुढेही चाल. माझ्या मते उडवा. किंकाकुजी, तलाव, सोनं, फोटो, पाऊण तास, चालेल. र्योआनजीच्या दगडी बागेत १५ दगड आहेत, कुठेही बसलात तरी एकावेळी १४ च दिसतात, बाबा मोजत बसतील आणि आईंना बसायला मिळेल.

घारापुरी :
सान्जुसान्गेन्दो सोडू नका!! यादीत आहे का? लांबच लांब दालन, १२० मीटर, १२६६ मध्ये परत बांधलेलं (काका, हे खरंच जुनं), आत १००१ सहस्रभुज कान्नोन, म्हणजे आपला अवलोकितेश्वर, रांगांवर रांगा. सगळे त्या सोन्याकडे बघत पुढे सरकतात पण पुढच्या ओळीत २८ रक्षक देव उभे आहेत ते सावकाश बघा. गरुड बासरी वाजवतोय. एक हाडांची मोळी झालेला म्हातारा ऋषी आहे, वसु, त्याच्या मानेच्या शिरा लाकडात उतरवल्यात, डोळ्यात स्फटिक बसवलाय त्यामुळे तो खरंच बघतो. फोटोला बंदी आहे, ते फार बरं आहे.

सदाशिवपेठी :
'तोरी' शब्द तोरणावरून आला हे कुणी लिहिलं नाही अजून, आश्चर्य आहे.

निशिकासाईकर :
कारण तसं सिद्ध नाही म्हणून. लिहितात ते 'पक्षी' आणि 'बसणे' या दोन चिन्हांनी. सांचीच्या तोरणासारखी दिसते हे खरं, बऱ्याच जणांचा तसा कयास आहे, यापलीकडे मी पैज लावणार नाही. तोरण बघायचं असेल तर तोक्योतच त्सुकिजी होंगानजी बघा, १९३४ चं. इतो चुता या वास्तुकाराने भारत फिरून आल्यावर केलेलं, दर्शनी कमान थेट कार्ल्याच्या चैत्याची आठवण करून देते. आत चक्क खुर्च्या आहेत आणि पाइप ऑर्गन. गुडघेवाल्यांसाठी उत्तम.

सांजवात :
(तीन आठवड्यांनी) आलो परत. सगळ्यांना दंडवत. २२ ची ९ केली, त्यातलं एक पाऊस म्हणून राहिलं, झाली ८. सविस्तर लिहायला बसले तर धागा संपणार नाही म्हणून जे डोक्यात अडकलंय तेवढंच.

सेन्सोजीत चिठ्ठी काढली, डबा हलवायचा, काडी पडते, काडीवरच्या आकड्याचा खण उघडायचा. नवऱ्याला वाईट निघाली, मलाही. मग कळलं की तिथे शंभरात तीस वाईटच ठेवतात, जुन्या पद्धतीप्रमाणे. वाईट चिठ्ठी तारेला बांधून तिथेच सोडून यायची. बाबांना चांगली निघाली, ती पाकिटात घेऊन फिरतायत आणि दिवसातून एकदा आम्हाला दाखवतात.

नारात हरणांनी बाबांचा नकाशा खाल्ला. खरंच खाल्ला, कोपरा गेला. पण तोदाइजीत बाबांचा दिवस होता. पंधरा मीटरचा बुद्ध, आणि ७५२ मध्ये त्याचे डोळे उघडायचा विधी केला तो बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने, ७३६ मध्ये तो समुद्रमार्गे जपानला आला होता. त्याच्या हातातल्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या धरल्या होत्या, म्हणजे डोळे सगळ्यांनी मिळून उघडले. बाबा हे मोठ्याने वाचत होते तेव्हा आई दिसेना. बाहेर आलो तर दाराच्या उजव्या हाताला लाल टोपी-उपरणं घातलेली लाकडी मूर्ती आहे, बिन्झुरू, म्हणजे पिंडोल भारद्वाज, बुद्धाचा शिष्य, आपलं जे दुखतं ते त्याचं चोळायचं आणि मग आपलं. आई त्याचा गुडघा चोळत होती. शेजारी एक जपानी आजी होती ती दुसरा गुडघा चोळत होती. दोघींनी एकमेकींकडे बघून मान हलवली, पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख असल्यासारखी.

होर्युजीला पोचलो पण सव्वातीन झाले होते, घाई झाली, ती चूक आमची. घारापुरीताई, वसूच्या शिरा बघितल्या. झोपेत येतो तो.

आणि शेवटच्या दिवशी मात्सुचियामा. डब्यात बसून वर गेलो. सात-आठ माणसं, शांत. आत चपला काढून बसलो, समोर मुळ्यांचा ढीग, आडवे रचलेले, धुतलेले, पडद्यामागे काय आहे ते दिसत नाही. आईने तिथेच विकत घेतलेला मुळा दोन्ही हातांनी पुढे केला आणि हळू आवाजात अथर्वशीर्ष म्हटलं, पूर्ण. कुणी वळून बघितलं नाही, कुणी थांबवलं नाही. निघताना एका बाईंनी खुणेने बोलावून नैवेद्य झालेला एक मुळा आईच्या हातात ठेवला, वाढलेले मुळे परत वाटतात म्हणे, प्रसाद. आता हॉटेलात त्याचं करायचं काय? ना सुरी, ना विळी. तो मेट्रोतून मांडीवर घेऊन थेट निशिकासाईला.

निशिकासाईकर :
साक्षीदार मी. दही, हिरवी मिरची, वरून फोडणी. दोन किलोचा मुळा होता, कोशिंबीर शेजारच्या तीन घरी गेली. काकूंनी माझ्या किसणीला नावं ठेवली.

उकडीचा :
वा वा वा. डोळ्यासमोर आलं. कांकिदान खाल्ला का?

सांजवात :
खाल्ला. बाबा म्हणाले धूप चांगला आहे.

खडूस काका :
आम्हाला यातलं एकही दाखवलं नाही. असो. मुळ्याचा पाला काय केला?

सांजवात :
छाटलेला होता काका. आईला तेवढंच वाईट वाटलं.